बारा नियुक्त जागा आणि आपण

२०२५ च्या जुलै महिन्यात राष्ट्रपतींनी राज्यसभेवर चार जणांची नियुक्ती केली. त्यानंतर तीन-चार आठवड्यांनी, एका रविवारी सकाळी, चळवळीतले दोन मित्र माझ्याकडे आले. त्यांच्याजवळ एक निवेदन होते. आपल्यातल्या एका ज्येष्ठ कवीला साहित्याच्या क्षेत्रातून राज्यसभेवर घ्यावे, अशी राष्ट्रपतींना विनंती. खाली प्राध्यापक, वकील, कार्यकर्ते अशा चाळीसेक सह्या. कवी मोठे आहेत याबद्दल माझ्या मनात शंका नाही. त्यांच्या कविता वाचूनच मी बी.ए.ला मराठी घेतले. तरीही मी सही केली नाही. मित्र दुखावले. एकाने उठताना विचारले, "त्यांना मिळाले तर ती गुणवत्ता आणि आपण मागितले तर ती लाचारी, असे आहे काय?" हा प्रश्न झटकून टाकण्यासारखा नाही. म्हणून हे लिहितो आहे.

राज्यघटनेच्या ८० व्या कलमाने राष्ट्रपतींना राज्यसभेवर बारा सभासद नेमता येतात. साहित्य, विज्ञान, कला आणि समाजसेवा या क्षेत्रांतले विशेष ज्ञान किंवा प्रत्यक्ष अनुभव असलेल्या व्यक्ती, अशी त्यांची पात्रता सांगितली आहे. निवडणुकीच्या धकाधकीत न उतरणाऱ्या विद्वानांचा, कलावंतांचा आवाज कायदे करणाऱ्या सभागृहात उमटावा हा त्यामागचा हेतू, आणि तो वाईट नाही. पण मी मराठी शिकवतो; शब्द तपासून घेणे हे माझे रोजचे काम आहे. 'विशेष ज्ञान' कोणाचे? ते विशेष आहे हे ठरवणार कोण? नियुक्ती राष्ट्रपतींच्या नावाने होते, परंतु राष्ट्रपती मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने वागतात. म्हणजे साहित्य कोणते आणि समाजसेवा कोणती, याचा निर्णय शेवटी सत्तेवरचा पक्ष करतो. समीक्षकांनी आयुष्यभर डोकेफोड करून जे ठरत नाही, ते दिल्लीत एका दुपारी ठरते.

पहिली यादी १९५२ ची. सत्येंद्रनाथ बोस, झाकिर हुसेन, मैथिलीशरण गुप्त, पृथ्वीराज कपूर, रुक्मिणीदेवी अरुंडेल, अल्लादी कृष्णस्वामी अय्यर, राधाकुमुद मुखर्जी, काका कालेलकर, ना. र. मलकानी अशी त्यातली नावे आहेत. माणसे थोर होती. पण त्या बारांत अस्पृश्य समाजात जन्मलेला एकही नव्हता. आमचा संबंध त्या यादीशी आला तो निराळ्या वाटेने. मलकानी हे हरिजन सेवक संघाच्या कामातले. पुढे भंगी कामगारांच्या स्थितीची चौकशी करणारी समिती त्यांच्याच अध्यक्षतेखाली नेमली गेली आणि १९६० मध्ये तिचा अहवाल आला. काका कालेलकर सातारचे, आपल्याच मुलखातले. ते राज्यसभेचे नियुक्त सभासद असतानाच १९५३ मध्ये पहिल्या मागासवर्ग आयोगाचे अध्यक्ष झाले. आयोगाने २३९९ जाती मागास म्हणून नोंदवल्या, आणि मार्च १९५५ मध्ये अहवाल सादर करताना अध्यक्षांनीच सोबतच्या पत्रात जात हा निकष मानण्याला विरोध नोंदवला. सरकारला अहवाल बाजूला ठेवायला ते पत्र सोयीचे झाले. 'समाजसेवा' या शब्दाचा अर्थ मला इथे उलगडतो. सेवा करणारा सभागृहात बसतो आणि ज्याची सेवा करायची तो अहवालात असतो. भंग्याच्या डोक्यावरची पाटी हा समाजसेवकाचा 'प्रत्यक्ष अनुभव' धरला गेला. जिच्या डोक्यावर ती पाटी होती त्या बाईचा अनुभव मात्र अनुभव ठरला नाही.

पांडुरंग वामन काणे १९५३ मध्ये नियुक्त झाले. धर्मशास्त्राचा इतिहास लिहिणारा त्यांच्याइतका मोठा अभ्यासक दुसरा नाही हे मी मान्य करतो. त्या ग्रंथांशिवाय आमचाही अभ्यास पुरा होत नाही. पण धर्मशास्त्र ज्यांनी लिहिले त्यांची परंपरा 'विशेष ज्ञान' म्हणून सभागृहात येते, आणि ते शास्त्र ज्यांच्या पाठीवर लिहिले गेले त्यांच्याकडे काही ज्ञान असू शकते ही कल्पनादेखील कोणाला शिवत नाही, ही गोष्ट नोंदवायलाच हवी.

महाराष्ट्रातले चित्र फार वेगळे नाही. विधान परिषदेवर राज्यपाल नियुक्त बारा जागा आहेत आणि तिथे वरच्या चार क्षेत्रांत 'सहकारी चळवळ' ही पाचवी भर आहे. (सहकाराचे विशेष ज्ञान आपल्याकडे कोणत्या घराण्यांत वसते हे सांगायला नको.) ग. दि. माडगूळकर १९६२ पासून बारा वर्षे त्या सभागृहात होते. त्याच काळात अण्णाभाऊ साठे चिरागनगरच्या झोपडीत बसून लिहीत होते. १८ जुलै १९६९ रोजी हलाखीत गेले. अण्णाभाऊ लाल बावट्याचे, त्यांनी राज्यपालांचा कागद घेतला असता की परत केला असता हे मी कसे सांगू? पण त्या सभागृहात ते कधी बसले नाहीत. ना. धों. महानोर १९७८ मध्ये नियुक्त झाले आणि शेतीपाण्याचे प्रश्न त्यांनी तिथे नेटाने मांडले, हेही सांगितले पाहिजे. नियुक्त सभासद नुसता शोभेचा असतो असे म्हणणे खरे नाही. आर. के. नारायण यांनी राज्यसभेत शाळकरी मुलांच्या दप्तराच्या ओझ्यावर भाषण केले आणि पुढे यशपाल समिती नेमली जाण्यामागे त्या भाषणाचा वाटा होता. आमच्या वस्तीतल्या पोरांच्या पाठीवर दप्तराचे ओझे नव्हते, कारण दप्तरच नव्हते. तरी भाषण चांगलेच होते.

आता मित्राच्या प्रश्नाकडे येतो. नियुक्ती घेणे म्हणजेच लाचारी असे जो म्हणेल, त्याने बाबासाहेबांचे १९२७ साल डोळ्यांपुढे आणावे. बाबासाहेब त्या वर्षी मुंबई कायदेमंडळात बसले ते गव्हर्नरांनी नेमलेले सभासद म्हणून. सोबत डॉ. पुरुषोत्तम सोळंकी हेही नियुक्त होते. १९१९ मध्ये साउथबरो समितीपुढे बाबासाहेबांनी अस्पृश्यांना आपले प्रतिनिधी स्वतः निवडण्याचा हक्क मागितला होता. मिळाली ती नियुक्ती. ती त्यांनी घेतली. आणि घेऊन काय केले? फेब्रुवारी १९२७ मध्ये शपथ घेतली, २४ तारखेला अर्थसंकल्पावर बोलताना त्याच सरकारच्या शेतसाऱ्याच्या धोरणावर तुटून पडले. १९ आणि २० मार्चला ते महाडला होते. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा ठराव त्याच कायदेमंडळाने १९२३ मध्ये सी. के. बोले यांच्या प्रयत्नाने केला होता. कागदावर निजलेला तो ठराव या नियुक्त सभासदाने चवदार तळ्याच्या पायऱ्यांवर उभा केला. डिसेंबरात मनुस्मृती जाळली. पुढच्या मार्चमध्ये महार वतनाचे विधेयक मांडले. गिरण्यांतल्या बाळंतिणींच्या हक्कासाठी १९२८ च्या जुलैत भाषण केले.

यातली एक गोष्ट आपण सहसा ध्यानात घेत नाही. त्याच १९२८ च्या मे महिन्यात बहिष्कृत हितकारिणी सभेच्या वतीने त्यांनी सायमन कमिशनला जे निवेदन दिले, त्यात नियुक्ती नको, निवडून आलेले प्रतिनिधी हवेत अशी मागणी आहे. मुंबई इलाख्याच्या १४० जागांपैकी २२ जागा मागितल्या आहेत. म्हणजे ज्या खुर्चीवर ते बसले होते, ती खुर्चीच मोडून तिच्या जागी दुसरी आणा असे ते तिच्यावर बसूनच सांगत होते. त्यांच्या पाठीशी महाडची माणसे होती. गव्हर्नरांनी नेमले तरी जाब द्यायचा तो या माणसांना, हे त्यांनी मनोमन पक्के केले होते.

स्वातंत्र्यानंतर १९५२ च्या लोकसभा निवडणुकीत मुंबईत त्यांचा पराभव झाला. घटनेच्या शिल्पकाराला राष्ट्रपतींच्या बारा जागांतली एक सहज देता आली असती. ते राज्यसभेत आले ते मुंबई राज्याच्या विधानसभेतून निवडून. १९५४ मध्ये भंडाऱ्याच्या पोटनिवडणुकीत पुन्हा उभे राहिले, पुन्हा हरले. लोकांपुढे जाऊन हरणे त्यांनी दोनदा पत्करले.

तरीही निवडणूक म्हणजे स्वातंत्र्य आणि नियुक्ती म्हणजे गुलामी, अशी सरळ वाटणी मला करता येत नाही. त्याचे कारण माझ्या घरात आहे. माझे चुलते १९९७ मध्ये ग्रामपंचायतीच्या राखीव जागेवरून निवडून आले. बिनविरोध. बिनविरोध म्हणजे काय हे खेड्यात वाढलेल्या वाचकाला ठाऊक आहे. वाड्यावर बैठक झाली, दोन-तीन नावे निघाली, ज्याने कधी वर मान करून पाहिले नव्हते त्याचे नाव पक्के झाले. चार वर्षे चुलत्यांनी दाखवतील तिथे सही केली. पाचव्या वर्षी गायरानावरची आपल्या लोकांची अतिक्रमणे काढण्याचा ठराव आला. चुलते सही न करता घरी आले, पाणी प्यायले आणि आजीला म्हणाले, "आज जमलं न्हाई." पुढच्या वेळी जागा पुन्हा राखीव निघाली आणि दुसऱ्या कोणाला तरी बिनविरोध आणले. चुलते निवडून आले होते की नेमले गेले होते? कांशीराम यांनी १९८२ मध्ये 'चमचा युग' लिहिले ते याच प्रश्नावर. पुणे करारानंतरच्या राखीव जागांवर दुसऱ्यांच्या मतांनी येणारा आपला माणूस कोणाचा प्रतिनिधी असतो, हा त्यांचा सवाल होता.

राखीव जागांचे असे आहे, पण निदान त्या कायद्याने आहेत. लोकसभेत ३३० व्या कलमाने, विधानसभांत ३३२ व्या कलमाने. राज्यसभेत आणि विधान परिषदेत मात्र अनुसूचित जातीजमातींसाठी एकही जागा राखीव नाही, ना निवडून येणाऱ्यांत, ना नियुक्तांत. वरिष्ठ सभागृहात आमचे असणे हे पक्षांच्या मर्जीवर सोडलेले आहे. माझ्या वर्गात दरवर्षी मी हे विचारतो आणि दरवर्षी राज्यशास्त्राची मुलेसुद्धा चकित होतात.

म्हणून अलीकडच्या नियुक्त्यांकडे मी व्यक्तींच्या पलीकडे जाऊन पाहतो. २०१० मध्ये भालचंद्र मुणगेकर आणि २०१६ मध्ये नरेंद्र जाधव, दोघेही आपल्यातले अर्थतज्ज्ञ, दोन वेगवेगळ्या सरकारांनी नेमले. त्यांनी तिथे काय केले ते राज्यसभेच्या कामकाजाच्या वृत्तान्तात आहे; तरुणांनी ते काढून वाचावे आणि मग बोलावे. २०२२ च्या एप्रिलमध्ये इळैयराजा यांनी एका पुस्तकाच्या प्रस्तावनेत पंतप्रधानांची तुलना बाबासाहेबांशी केली आणि जुलैत ते राज्यसभेवर नियुक्त झाले. एकाची किंमत म्हणून दुसरे मिळाले असा आरोप मी करणार नाही. त्यांच्या संगीताला कोणाच्या शिफारशीची गरज नव्हती. पण लोकांनी दोन तारखा शेजारी ठेवून पाहिल्या, आणि तसे पाहण्याची वेळ एका थोर कलावंतावर आली, हा या पद्धतीचा दोष आहे.

महाराष्ट्राचे तर काय सांगावे. नोव्हेंबर २०२० मध्ये तेव्हाच्या मंत्रिमंडळाने बारा नावे राज्यपालांकडे पाठवली. वर्तमानपत्रांतून आलेल्या त्या यादीत आनंद शिंदे यांचे नाव होते. प्रल्हाद शिंद्यांचा मुलगा, आपल्या जयंत्यांचा आवाज, कलेच्या क्षेत्रातून! वस्तीत पेढे वाटायचेच बाकी होते. यादी राज्यपालांच्या टेबलावर पडून राहिली, सरकार बदलले, २०२२ मध्ये नव्या सरकारने ती परत घेतली. ऑक्टोबर २०२४ मध्ये विधानसभा निवडणूक जाहीर होता होता सात जागा भरल्या गेल्या. त्यांत पक्षांच्या पदाधिकारी आहेत, माजी खासदार आहेत, माजी आमदार आहेत. लेखक नाही, गायक नाही.

आणि ज्या चार नियुक्त्यांनी हा विषय निघाला, त्यांतले एक उज्ज्वल निकम. कायदा हे क्षेत्र घटनेच्या त्या चारांत नाही अशी तक्रार मी करीत नाही; अल्लादीही वकीलच होते. पण २०२४ मध्ये उत्तर-मध्य मुंबई या खुल्या मतदारसंघात निकम भाजपच्या तिकिटावर उभे होते आणि त्यांना वर्षा गायकवाड यांनी हरवले. राखीव नसलेल्या जागेवर आपल्या समाजातली एक बाई लोकांच्या मतांनी जिंकली. वर्षभरानंतर हरलेला उमेदवार वरिष्ठ सभागृहात पोचला. लोकांनी दिलेला निकाल असा वळसा घालून बदलता येत असेल, तर त्या बारा जागांचा उपयोग कशासाठी होतो आहे हे आपण विचारायला नको?

मित्राला मी त्या दिवशी एवढे सगळे बोलू शकलो नाही. मी इतकेच म्हणालो की निवेदनात आणखी दोन वाक्ये घाला, मी सगळ्यांत वर सही करतो. त्यांना ते पटले नाही. "असे लिहिले तर नाव पहिल्याच टेबलावर कटेल," म्हणाले. खरे असेल ते. निवेदन माझ्या सहीशिवाय गेले. ज्या वाचकांकडे तसे एखादे निवेदन येईल त्यांच्यासाठी ती दोन वाक्ये इथे देतो:

"राज्यसभा व विधान परिषदा यांतील निर्वाचित आणि नियुक्त अशा दोन्ही प्रकारच्या जागांत अनुसूचित जाती व जमाती यांना लोकसभेप्रमाणे राखीव जागा देण्यासाठी घटनादुरुस्ती करावी. तसेच प्रत्येक नियुक्तीच्या वेळी ती कोणत्या क्षेत्रातील कोणत्या कामासाठी केली याची कारणे सरकारने प्रसिद्ध करावीत आणि मागील पाच वर्षांत निवडणूक हरलेल्या किंवा पक्षाचे पद भोगलेल्या व्यक्तीचा या जागांसाठी विचार करू नये."