व्हिडिओ गेमची लांबी आणि किंमत : एक चिकित्सा

प्रस्तावना

किंमत आणि मूल्य हे दोन शब्द व्यवहारात एकमेकांच्या जागी वापरले जात असले, तरी कलासमीक्षेत त्यांच्यातील अंतर नेहमीच महत्त्वाचे मानले गेले आहे. कवितासंग्रह कादंबरीपेक्षा स्वस्त असतो, कारण त्याला कागद कमी लागतो. मराठी प्रकाशनव्यवसायात पुस्तकाच्या किमतीचा हिशेब बव्हंशी फर्म्यांच्या संख्येवरून होतो आणि वाचकालाही त्यात काही वावगे वाटत नाही. मात्र 'पाने किमतीच्या मानाने कमी, सबब पुस्तक सामान्य' असे विधान एखाद्या परीक्षणकर्त्याने केले, तर त्या परीक्षणाकडे कोणी गांभीर्याने पाहणार नाही. व्हिडिओ गेमच्या क्षेत्रात मात्र अशी विधाने सर्रास केली जातात. गेम किती तास चालतो, त्यासाठी किती पैसे मोजावे लागतात आणि या दोहोंचा भागाकार काय येतो, यावरून तो घ्यावा की घेऊ नये हे सांगितले जाते. खेळाडूंनी कळवलेल्या वेळांची सरासरी काढून प्रत्येक गेमची लांबी नोंदवणारी 'हाउ लाँग टू बीट' सारखी संकेतस्थळे याच गरजेतून लोकप्रिय झाली.

हा मापदंड केवळ ग्राहकांचा आहे असेही नाही. अमेरिकेत मोठ्या गेमची किंमत २००५ च्या सुमारास ६० डॉलर झाली, २०२० पासून ती ७० डॉलरकडे सरकली आणि २०२५ मध्ये निन्टेन्डोने 'मारिओ कार्ट वर्ल्ड' ८० डॉलरला विक्रीस आणला. या दरवाढीच्या काळात, २०२३ मध्ये, टेक-टू या कंपनीचे प्रमुख स्ट्रॉस झेल्निक यांनी ताशी हिशेब केला असता गेम अजूनही फार स्वस्त असल्याचे प्रतिपादन केले. म्हणजे तक्रार करणारा ग्राहक आणि दरवाढीचे समर्थन करणारा विक्रेता, दोघांच्या हातात एकच तराजू आहे. तो तराजू कितपत विश्वासार्ह आहे, याची तपासणी येथे काही ठळक उदाहरणांच्या आधारे केली आहे.

नाण्याकडून तासाकडे

व्हिडिओ गेमचा व्यवसाय सुरू झाला तेव्हा हे गणित नेमके उलटे होते. अटारीचा 'पाँग' १९७२ मध्ये आला. अशा यंत्रांत २५ सेंटचे नाणे टाकून खेळायचे असे. एका नाण्यावर खेळाडू जितका कमी वेळ टिकेल तितका यंत्रमालकाचा फायदा अधिक, त्यामुळे खेळाडू लवकर हरावा पण पुन्हा नाणे टाकण्याइतकी ईर्ष्या त्याच्यात उरावी, अशी रचना करणे हेच निर्मात्याचे कसब होते. पुढे महाराष्ट्रातील शहरांतून जी व्हिडिओ गेम पार्लरे निघाली, त्यांचा धंदाही याच तत्त्वावर चालला.

गेम घरात आला आणि एकदाच पैसे मोजण्याची पद्धत रूढ झाली, तेव्हा हेतू बदलला. परंतु लांबी वाढवण्याचे साधन बराच काळ तेच राहिले. 'सुपर मारिओ ब्रदर्स' (१९८५) या गेममध्ये ३२ टप्पे आहेत. अत्यंत निष्णात खेळाडू त्यातील आडवाटा वापरून तो पाच मिनिटांच्या आत संपवतात. नवख्याला मात्र त्यासाठी कित्येक आठवडे लागू शकतात. मग या गेमची लांबी कोणती मानायची? पुस्तकाची पाने मोजता येतात, चित्रपटाची मिनिटे पडद्यावर ठरलेली असतात. गेमची लांबी मात्र कृती आणि खेळाडू यांच्यातील व्यवहारातून निष्पन्न होते. ज्या राशीने भागाकार करायचा तीच स्थिर नाही, ही या मापदंडातील पहिली अडचण होय.

'द ऑर्डर : १८८६' चा वाद

या विषयावरील सर्वाधिक गाजलेला वाद २०१५ मधील आहे. रेडी ॲट डॉन या संस्थेने तयार केलेला आणि सोनीने प्लेस्टेशन ४ साठी प्रकाशित केलेला 'द ऑर्डर : १८८६' हा गेम फेब्रुवारी २०१५ मध्ये ६० डॉलरला बाजारात आला. तो विक्रीस येण्यापूर्वीच कोणीतरी तो सुमारे पाच तासांत संपवल्याचे चित्रीकरण यूट्यूबवर झळकले आणि एकच गदारोळ उठला. लांबी हा दर्जाचा निकष नव्हे, असा बचाव निर्मात्यांना जाहीरपणे करावा लागला.

बचाव तत्त्वतः योग्य होता. केवळ ज्या कृतीसाठी तो केला गेला ती त्याला पात्र नव्हती. आर्थर राजाच्या परंपरेतील सरदार, व्हिक्टोरियाकालीन लंडन आणि नरवृक यांची सांगड घालणाऱ्या या गेमची दृश्ये विलक्षण देखणी आहेत. कापडाचा पोत, धुक्यात मिसळलेला दिव्यांचा उजेड, पितळी शस्त्रांवरील झळाळी यांवर अपार श्रम घेतलेले दिसतात. परंतु खेळाडूच्या वाट्याला येते ते पुष्कळदा प्रेक्षकपण. पडद्यावर खूण उमटली की कळ दाबायची, पुन्हा पाहत बसायचे. अखेरचा सामना हा आधी येऊन गेलेल्या सामन्याचीच जवळजवळ पुनरावृत्ती आहे आणि कथानकातील मुख्य प्रश्न लोंबकळत ठेवून गेम थांबतो. पाच-सहा तासांच्या कृतीतही पुनरुक्ती व्हावी, हा लांबीचा दोष म्हणता येणार नाही. हाच ऐवज वीस तासांवर ताणला असता तर तक्रार कदाचित शमली असती, पण गेम अधिक वाईट झाला असता. ग्राहकांचा राग खरा होता. तो व्यक्त करण्यासाठी त्यांच्यापाशी तासांखेरीज दुसरी परिभाषा नव्हती, आणि ती पुरवण्यात गेमसमीक्षा उणी पडली.

दोन तासांत एक घराणे

लांबीच्या मापदंडाला खरे आव्हान देणारी कृती म्हणजे जायंट स्पॅरो या संस्थेचा 'व्हॉट रिमेन्स ऑफ ईडिथ फिंच' (२०१७). किंमत २० डॉलर, लांबी साधारण दोन तास. ताशी हिशेब केल्यास दर तासाला दहा डॉलर पडतात. म्हणजे साठ तास चालणाऱ्या साठ डॉलरच्या गेमच्या तुलनेत हा दहापट महाग ठरतो. याच गेमला २०१८ मध्ये सर्वोत्कृष्ट गेमचा बाफ्टा पुरस्कार मिळाला.

ईडिथ ही फिंच घराण्यातील तरुणी वॉशिंग्टन राज्यातील एका बेटावरच्या आपल्या जुन्या घरी परतते. या घराण्यातील माणसे एकामागून एक अकाली वा विचित्र रीतीने मरण पावली आहेत. प्रत्येकाची खोली होती तशी जपून बंद करून टाकलेली आहे. ईडिथ चोरवाटांनी एकेका खोलीत शिरते आणि खेळाडूला त्या त्या व्यक्तीच्या अखेरच्या क्षणांत प्रवेश मिळतो. प्रत्येक प्रसंगाची खेळण्याची रीत वेगळी आहे. झोका घेणारा मुलगा, भुकेने मांजर, घुबड, शार्क अशी रूपे घेत जाणारी मुलगी, न्हाणीच्या टबातले तान्हे मूल : यांतील कोणतीही रीत पुन्हा येत नाही.

लुइस या तरुणाचा प्रसंग येथे विशेष विचारात घेण्याजोगा आहे. लुइस मासळी डबाबंद करण्याच्या कारखान्यात काम करतो. खेळाडूने एका हाताने मासा उचलायचा, पात्याखाली सरकवायचा, मुंडके तुटले की धड पुढे ढकलायचे. दुसरा मासा, तिसरा मासा. दरम्यान लुइसच्या मनात एक काल्पनिक राज्य आकार घेऊ लागते आणि दुसऱ्या हाताने खेळाडूने त्या राज्यात वाटचाल करायची असते. आरंभी ते राज्य पडद्याच्या एका कोपऱ्यात असते. हळूहळू ते पसरते, त्याला रंग येतात, खोली येते, आणि कारखाना दिसेनासा होतो. हात मात्र मासे कापतच राहतात. लुइसचे मन वास्तवातून कसे सुटत गेले, हे त्याच्या आईला लिहिलेल्या डॉक्टरच्या पत्रातून ऐकू येत असते; पण ते कळते खेळाडूच्या दोन हातांना. मासा कापणारा हात केव्हा आपोआप चालू लागला हे ध्यानातही येत नाही, आणि लुइसचे नेमके तेच झालेले असते. राज्याभिषेकासाठी तो मान झुकवतो तेव्हा ती कोणत्या पात्याखाली झुकते आहे, हे खेळाडूला ठाऊक असते.

हे सारे काही मिनिटांत घडते. आता असे पाहावे की, मोठ्या गेममधील पन्नास-साठ तास कशाने भरलेले असतात? बहुतांशी याच प्रकारच्या क्रियांनी : अमुक इतकी वनस्पती गोळा करा, तमुक इतके शत्रू मारा, नकाशावरील पुढच्या खुणेकडे जा. पुनरावृत्ती तेथे वेळ भरून काढण्याची सामग्री असते, येथे ती आशय झाली आहे. वॉल्टर फिंचच्या प्रसंगातही हेच दिसते. घराखालील भुयारात तीस वर्षे लपून काढलेले आयुष्य खेळाडू डबे उघडण्याच्या मोजक्या क्रियांतून अनुभवतो. तीस वर्षांचा कंटाळा प्रतीत करून देण्यासाठी तीस तास घालवावे लागत नाहीत, हे लघुकथेच्या वाचकाला वेगळे सांगायला नको.

याचा अर्थ दीर्घता त्याज्य आहे असा मुळीच नाही. संगीत नाटके रात्र रात्र चालत आणि 'वन्स मोअर' ने आणखी लांबत. त्या प्रेक्षकांना तिकिटाचे पैसे वसूल करायचे होते एवढाच अर्थ त्यातून काढणे अरसिकपणाचे होईल. 'द विचर ३' (२०१५) सारख्या गेममध्ये दुय्यम कथानकांनाही स्वतःचे वजन आहे, म्हणून त्याचे पन्नासहून अधिक तास सार्थ वाटतात. याउलट 'डायिंग लाइट २' पूर्णतः संपवण्यास किमान ५०० तास लागतील, असे टेकलँड या संस्थेने जानेवारी २०२२ मध्ये अभिमानाने जाहीर केले, तेव्हा खेळाडूंनीच नापसंती दर्शवली आणि मुख्य कथानक सुमारे वीस तासांचेच आहे असा खुलासा संस्थेला करावा लागला. दूरचित्रवाणी मालिकांत पाणी घालण्याचा अनुभव असलेल्या मराठी प्रेक्षकाला ही नापसंती सहज समजेल.

खरेदीदाराची बाजू

असे असले तरी तास मोजणाऱ्या खेळाडूला अरसिक ठरवून मोकळे होणे अन्यायाचे आहे. भारतात प्लेस्टेशन ५ वरील मोठ्या गेमची किंमत आरंभापासून पाच हजार रुपयांच्या आसपास राहिली आहे. महाविद्यालयीन विद्यार्थ्याच्या दृष्टीने ही रक्कम कित्येक महिन्यांच्या हातखर्चाएवढी असू शकते. वर्षाकाठी एकच गेम घेणे ज्याला परवडते, त्याने तो दोन तासांत संपू नये अशी अपेक्षा बाळगणे स्वाभाविकच आहे. कलामूल्याची चर्चा करणाऱ्यांना गेम बहुधा परीक्षणासाठी विनामूल्य मिळतो, हेही येथे नोंदवले पाहिजे. उलटपक्षी, नोकरी आणि संसार सांभाळणाऱ्या मध्यमवयीन खेळाडूपाशी पैसा असतो, सलग साठ तास नसतात. त्याला लघुगेम महाग असूनही परवडतो. विद्यार्थी पैसा वाचवतो, नोकरदार वेळ वाचवतो, आणि एकच गेम एकाला महाग तर दुसऱ्याला स्वस्त पडतो.

शिवाय तासांचा तराजू शेवटपर्यंत मानायचा, तर विनामूल्य असलेला आणि कधीच न संपणारा मोबाइलवरील गेम सर्वश्रेष्ठ ठरेल. भारतातील बहुसंख्य खेळाडू असेच गेम खेळतात. २०२० मध्ये बंदी येईपर्यंत 'पबजी मोबाइल' आणि २०२१ पासून त्याचा भारतीय अवतार, ही त्याची परिचित उदाहरणे. त्यांत प्रवेशाचे पैसे पडत नाहीत. खेळाडू रोज परत यावा आणि केव्हातरी पोशाखासाठी वा हंगामी पाससाठी खिशात हात घालावा, अशी त्यांची मांडणी असते. पार्लरमधील नाणे येथे वेगळ्या रूपाने परत आले आहे. फरक इतकाच की, त्या काळी खेळाडूला लवकर बाहेर काढण्यात फायदा होता, आता त्याला आत ठेवण्यात आहे.

निर्मात्यावरील परिणाम

या मापदंडाचा खरा भार पडतो तो छोट्या निर्मात्यांवर. संगणकावरील गेम विकणाऱ्या स्टीम या दालनाने जून २०१५ मध्ये परताव्याचे धोरण जाहीर केले. खरेदीपासून चौदा दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळलेला गेम परत करता येतो. सदोष वा फसव्या गेमपासून ग्राहकाला संरक्षण देणारा हा नियम स्वागतार्ह आहे. परंतु दोन तासांची मर्यादा सर्व गेमना सरसकट लागू असल्याने दीड तासाचा गेम पूर्ण खेळून, आवडला असे लिहूनही पैसे परत घेता येतात. 'समर ऑफ ५८' या भयकथात्मक लघुगेमच्या निर्मात्याने ऑगस्ट २०२१ मध्ये याच कारणास्तव अनिश्चित काळासाठी गेमनिर्मिती सोडत असल्याचे जाहीर केले. नाटक शेवटपर्यंत पाहून, टाळ्या वाजवून तिकीटखिडकीवर पैसे परत मागण्यासारखे हे आहे. मर्यादा गेमच्या लांबीच्या प्रमाणात ठेवली, तर ग्राहकाचे संरक्षण कायम राखूनही हा अन्याय टाळता येईल. तूर्त मात्र दोन तासांची रेषा ओलांडण्यासाठी गेममध्ये चार फेऱ्या अधिक घालण्याचा मोह निर्मात्यासमोर आहे.

पुण्यातील नॉडिंग हेड्स गेम्स या संस्थेचा 'राजी : ॲन एन्शंट एपिक' (२०२०) या संदर्भात तपासण्याजोगा आहे. २०१७ मध्ये किकस्टार्टरवर लोकवर्गणीचा प्रयत्न अयशस्वी झाल्यानंतरही छोट्या चमूने तो तडीस नेला. पहाडी चित्रशैली, राजस्थानी वास्तुशिल्प, छायाबाहुल्यांतून उलगडणारे कथन आणि दुर्गा व विष्णू यांचा संवादरूप निवेदक म्हणून केलेला उपयोग यांमुळे त्याची दखल घेतली गेली. द गेम अवॉर्ड्सच्या पदार्पणाच्या विभागात त्याला नामांकनही मिळाले. लांबी सुमारे पाच-सहा तास. गेम लहान आहे ही तक्रार अनेक परीक्षणांत आढळते. वस्तुतः त्यातील पहिले चार तास कमी वाटत नाहीत. भावाच्या शोधात निघालेल्या राजीची भिंतींवरून, कड्यांवरून होणारी वाटचाल नर्तकीच्या हालचालींसारखी आहे आणि महालांचे तपशील थांबून पाहावेत असे आहेत. उणीव आहे ती शेवटाची. महाबलासुराशी सामना झाल्यावर कथा अकस्मात तुटते आणि भावंडांचा शोध अर्धवट राहिल्याची भावना उरते. अशा ठिकाणी समीक्षकाने 'लहान' हा शब्द वापरला तर तो दहा तासांचा 'राजी' मागतो आहे असे होते. 'अपूर्ण' म्हटले तर कदाचित आणखी वीस मिनिटांचीच मागणी होते. छोट्या चमूला या दोन मागण्यांपैकी दुसरी पुरी करता येण्यासारखी होती.