बस्टर, बुल्सआय, बुकवर्म : डेबियनच्या नावपद्धतीची चिकित्सा

प्रयोगशाळेत एक प्रसंग दर सत्रात घडतो. कुणीतरी एक कमांड जशीच्या तशी उतरवून चालवतो आणि ‘पॅकेज सापडले नाही’ असा संदेश येतो. कमांड बरोबर असते, पण ती दुसऱ्या आवृत्तीसाठी लिहिलेली असते. म्हणून आवृत्त्यांच्या नावांकडे केवळ गंमत म्हणून पाहू नका.

डेबियन हा प्रकल्प इयान मर्डॉक यांनी १९९३ मध्ये सुरू केला. त्याच्या आवृत्त्यांना ‘टॉय स्टोरी’ चित्रपटांतील पात्रांची नावे दिली जातात. ही नावे लक्षात राहतात, पण क्रम सांगत नाहीत. बस्टर (२०१९), बुल्सआय (२०२१) आणि बुकवर्म (२०२३) ही नावे इंग्रजी वर्णक्रमाने लावली, तर कालक्रम नेमका उलटा होतो! नवख्याच्या दृष्टीने हा दोषच म्हणावा लागेल.

डेबियनवर आधारलेल्या उबुंटूने हा प्रश्न क्रमांकातून सोडवला. २२.०४ म्हणजे २०२२ चा एप्रिल महिना. २००६ मध्ये एक आवृत्ती लांबून जूनमध्ये आली, तेव्हा तिचा क्रमांक ६.०६ झाला. क्रमांक वाचला की आवृत्तीचे वय कळते.

मग डेबियनची नावे टाकाऊ आहेत का? नाही. डेबियनमध्ये नावांचा दुसरा संच आहे: स्टेबल, टेस्टिंग, अनस्टेबल. ही नावे आवृत्तीची नसून तिच्या अवस्थेची आहेत. बुकवर्म कायम बुकवर्मच राहते; ‘स्टेबल’ मात्र आज एका आवृत्तीकडे, तर उद्या दुसऱ्या आवृत्तीकडे निर्देश करते. पॅकेज-स्रोतांच्या यादीत तुम्ही ‘स्टेबल’ लिहिले असेल, तर नवी आवृत्ती जाहीर झाल्यानंतर नेहमीचे अपग्रेड करताना तुमची यंत्रणा नकळत नव्या आवृत्तीकडे वळू शकते. प्रकल्प सादर करण्याच्या आदल्या रात्री हे झाले तर? आवृत्तीचे नाव लिहिले असेल, तर हा बदल तुम्ही ठरवाल तेव्हाच होतो.

माझे मत असे: क्रम सांगण्यात कमी पडणारे नाव स्थिरता राखण्यात उपयोगी पडते. माणसासाठी क्रमांक आणि यंत्रासाठी नाव, असे दोन्ही हवे. सूचना लिहिणाऱ्यांनी नुसते नाव देऊन थांबू नये.

समुदायाची साधने वापरतानाही हेच लक्षात ठेवा. कमांड उतरवण्यापूर्वी ‘ईटीसी’ डिरेक्टरीतील ‘ओएस-रिलीज’ ही फाइल उघडा. तिथे आवृत्तीचे नाव आणि क्रमांक दोन्ही मिळतात. मग आपल्याच आवृत्तीच्या रिलीज नोट्स वाचा. कमांडची माहिती आपल्या यंत्रावरील मॅन पेजमध्ये पाहा, कारण ते तुमच्याकडील पॅकेजसोबतच आलेले असते. खरोखरच दोष आढळला, तर डेबियनच्या सार्वजनिक दोषनोंद यंत्रणेत तो नोंदवा. तिथे प्रत्येक दोषाला स्वतंत्र क्रमांक मिळतो आणि तो कुणालाही वाचता येतो. नोंदीत पॅकेजची आवृत्ती मात्र अवश्य लिहा. ती नसेल, तर दुरुस्ती करणाऱ्याने शोध कुठून सुरू करायचा?