हर्षद संख्या आणि मर्यादित अवस्थांचे यंत्र : एक चिकित्सा

प्रस्तावना : देवळाली (जि. नाशिक) येथील शाळेत १९३० ते १९६२ या काळात अध्यापन करणारे दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर (१९०५–१९८६) यांच्या संख्याविषयक कार्याबाबत दोन टोकांची मते आढळतात. एक पक्ष त्यास केवळ मनोरंजन मानतो, तर दुसरा, विशेषतः १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’मधून त्यांची ओळख करून दिल्यानंतर, निव्वळ गौरवात रमतो. त्यांच्या व्याख्यांची परीक्षा मात्र उभयपक्षी राहून जाते. प्रस्तुत लेखात ‘हर्षद’ संख्येची अशी परीक्षा फायनाइट ऑटोमेटाच्या आधारे केली आहे.

बाकी हीच अवस्था : फायनाइट ऑटोमेटन म्हणजे ठराविक अवस्थांचे यंत्र. देवळालीनजीकच्या अंबड औद्योगिक वसाहतीसारख्या ठिकाणी यंत्रनियंत्रणाच्या संदर्भात अवस्थेची ही कल्पना अपरिचित नाही. असे यंत्र संख्येचे अंक डावीकडून एकेक वाचते. वाचलेले अंक ते साठवीत नाही, केवळ अवस्था बदलते. ७ ची विभाज्यता तपासण्यास ० ते ६ या सात बाक्या, म्हणजेच सात अवस्था पुरतात. आधीच्या बाकीस १० ने गुणून नवा अंक मिळवावा व ७ ने भागून उरणारी बाकी ही पुढील अवस्था मानावी. १६१ वाचताना अनुक्रमे १, २, ० या अवस्था येतात. संख्या शंभर अंकी असली तरी आठवी अवस्था लागत नाही. अध्यापनात आकृती पाठ होते. हे मर्म निसटते.

हर्षद संख्येची कसोटी : स्वतःच्या अंकांच्या बेरजेने निःशेष भाग जाणारी संख्या ती हर्षद, उदा. १८. व्याख्या सुलभ आहे. परंतु येथे भाजक आधी ठाऊक नसतो, तो अंकागणिक बदलू शकतो. ११ ही संख्या हर्षद होण्यास पुढे किमान एक शून्य लागते, ११११ ला दोन, आठ वेळा लिहिलेल्या १ ला तीन, सोळा वेळा लिहिलेल्या १ ला चार. कारण केवळ १ या अंकाची संख्या विषम असते. २ हा अवयव प्रत्येक शून्यामागे एकदाच मिळतो. यांपैकी दोन प्रारंभ एकाच अवस्थेत पोहोचले, तर पुढे तितकीच शून्ये देऊन यंत्र दोहोंविषयी एकच निर्णय देईल आणि तो एकाविषयी चुकेल. म्हणून प्रत्येक प्रारंभास स्वतंत्र अवस्था हवी. हा क्रम अनंत आहे, अवस्था मर्यादित. सबब असे यंत्र संभवत नाही.

निष्कर्ष : हर्षद संख्येस विभाज्यतेच्या नियमांच्या पंक्तीत बसवून क्षुल्लक ठरविणे समर्थनीय नाही. त्याचबरोबर वरील सिद्धता कापरेकरांच्या नावे जमा करणेही उचित नव्हे; व्याख्या त्यांची, कसोटी दुसऱ्या शास्त्राची. संगणकशास्त्राच्या वर्गात ७ च्या आकृतीनंतर हर्षद संख्येचा प्रश्न ठेवल्यास यंत्राचे सामर्थ्य आणि त्याची मर्यादा ही दोन्ही विद्यार्थ्यांस एकाच तासिकेत उमगतील.