व्यक्तिचित्रण
व्यक्तिचित्रण : विशिष्ट व्यक्तीचे रूपसादृश्य साधून तिच्या स्वभावाचा प्रत्यय देणारा चित्रप्रकार. सादृश्य ही त्याची पहिली अट असली, तरी तेवढ्याने व्यक्तिचित्र सिद्ध होत नाही; छायाचित्रणाच्या प्रसारानंतर तर केवळ सादृश्याचे मोल उणावले. रेम्ब्रांटची (१६०६–६९) आत्मचित्रे या दृष्टीने मानदंड ठरतात. वाढत्या वयाच्या खुणा त्यांत झाकलेल्या नाहीत.

महाराष्ट्रात ही परंपरा मुख्यतः मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमधील (स्थापना १८५७) वास्तववादी शिक्षणातून रुजली. सावळाराम हळदणकर (१८८२–१९६८) यांच्या, म्हैसूरच्या जगन्मोहन राजवाड्यातील, ‘ग्लो ऑफ होप’ या जलरंगचित्रात त्यांच्या कन्येच्या हातातील दिव्याचा प्रकाश मुखावर पसरतो. त्यातील प्रकाशयोजना असामान्य आहे. मात्र शीर्षक सुचविते त्याप्रमाणे तेथे व्यक्तीपेक्षा भाव वरचढ ठरतो.

गोपाळ देऊसकर (१९११–९४) यांच्यापुढील प्रश्न अधिक अवघड होता. पुण्याच्या बालगंधर्व रंगमंदिरासाठी (१९६८) त्यांनी बालगंधर्वांची (१८८८–१९६७) स्त्री-भूमिकेतील व पुरुषवेषातील अशी दोन तैलचित्रे रंगविली. स्त्री-भूमिकेत वस्त्राभरणे चित्रकाराच्या साहाय्यास येतात. पुरुषवेषात तो आधार उणा असतो. दोहोंची सांगड घातल्यावरच नटाचे समग्र व्यक्तित्व ध्यानी येते.

मागणीनुसार केलेल्या व्यक्तिचित्रांत पदाचा मान राखताना माणूस हरवण्याचा धोका असतो. पोशाख व पदचिन्हे काढून घेतल्यावरही जे चित्र त्याच व्यक्तीचे वाटते, तेच खरे व्यक्तिचित्र होय.