नॉन-कोडिंग आरएनए आणि जन्मानंतरची स्नायुवाढ: पुराव्यांची चिकित्सा

जन्मानंतर अस्थिस्नायूतील तंतूंची संख्या फारशी वाढत नाही. असलेले तंतू जाड होतात आणि सॅटेलाइट पेशी त्यांना नवी केंद्रके पुरवतात. ही वाढ नॉन-कोडिंग, म्हणजे प्रथिन न घडवणारे आरएनए नियंत्रित करतात, असे विधान तुम्ही आढावा-लेखांत वाचाल. त्यामागचा पुरावा कितपत भक्कम आहे, ते पाहू.

1. फरक म्हणजे कारण नव्हे

जबलपूरच्या नानाजी देशमुख पशुवैद्यकीय विज्ञान विद्यापीठाने कडकनाथच्या संकरातून ‘नर्मदानिधी’ कोंबडी विकसित केली आहे. समजा, तिच्या आणि त्याच वयाच्या ब्रॉयलरच्या छातीच्या स्नायूतील आरएनए तुम्ही मोजले. अनेकांच्या पातळीत फरक दिसेल. पण ब्रॉयलर झपाट्याने वाढतो. त्यामुळे वय सारखे असले तरी दोघांच्या वाढीचा टप्पा वेगळा असतो. दिसलेला फरक वाढीचे कारण आहे की परिणाम, हे अशा यादीवरून कळत नाही. तरीही बरेच शोधनिबंध यादी, संगणकाने वर्तवलेली लक्ष्ये आणि बाणांची आकृती एवढ्यावरच थांबतात.

2. भक्कम पुरावा आणि त्याची मर्यादा

मायोस्टॅटिन हे प्रथिन स्नायुवाढीला आवर घालते. टेक्सेल जातीच्या मेंढ्यांत मायोस्टॅटिनच्या जनुकात जी ऐवजी ए हा एकच बदल असल्याचे 2006 मध्ये दाखवले गेले. या बदलामुळे त्याच्या संदेशवाही आरएनएवर एमआयआर-1 आणि एमआयआर-206 यांना चिकटायला नवी जागा मिळते, मायोस्टॅटिन कमी बनते आणि मेंढी मांसल होते. इथे बदल आनुवंशिक, म्हणजे वाढीच्या आधीचा आहे. म्हणून कार्यकारणाची दिशा स्पष्ट आहे. मात्र बदलला तो मायोस्टॅटिनचा संदेश, मायक्रो-आरएनए नव्हे. ही जागा नसलेल्या मेंढ्यांतही हेच मायक्रो-आरएनए मायोस्टॅटिनला आवरतात, असा निष्कर्ष यातून निघत नाही.

3. सावध करणारी उदाहरणे

एमआयआर-206 काढून टाकलेल्या उंदरांचे स्नायू नेहमीसारखेच घडले. इजेनंतरची दुरुस्ती मात्र रेंगाळली. म्हणजे ‘दुरुस्ती’ची भूमिका ‘वाढी’च्या खात्यावर मांडता येत नाही. लिंक-एमडी1 हा आरएनए मायक्रो-आरएनए शोषून घेतो, हे 2011 मध्ये दिसले ते संवर्धित स्नायुपेशींत, वाढत्या प्राण्यात नव्हे. आणि 2015 मध्ये तर नॉन-कोडिंग म्हणून नोंदलेला एक आरएनए 46 अमिनो आम्लांचे ‘मायोरेग्युलिन’ घडवतो, असे आढळले. तिथे ‘नॉन-कोडिंग’ हे नावच चुकीचे ठरले.

थोडक्यात, नॉन-कोडिंग आरएनए स्नायूंत कार्य करतात, हे निर्विवाद आहे. पण जन्मानंतरच्या वाढीतील प्रत्येकाची भूमिका स्वतंत्रपणे सिद्ध करावी लागते.

स्वाध्याय: या विषयावरील कोणताही शोधनिबंध घ्या आणि तपासा: आरएनए काढून किंवा वाढवून पाहिला आहे का? प्रयोग जिवंत, वाढत्या प्राण्यात झाला आहे का? तो प्रथिन घडवत नाही, याची खात्री केली आहे का?