डब्याची किंमत

रोबॉटिक्स स्पर्धेचा व्हिडिओ लावला की तुम्ही रोबॉट बघता. मी आधी गुणतक्ता शोधते. माझ्या पीएचडीचा विषयच तो: यंत्राला शिकवताना कुठल्या कामाला किती गुण द्यायचे. आकडे चुकले की यंत्र भलतंच शिकतं. मुलंही शिकतात, आणि यंत्रापेक्षा लवकर!

2015 मधला फर्स्ट रोबॉटिक्स कॉम्पिटिशनचा खेळ बघा, ‘रिसायकल रश’. तीन-तीन रोबॉटच्या दोन आघाड्या, मध्ये एक उंचवटा, पलीकडे जायचं नाही. म्हणजे अडवाअडवी बंद. प्राथमिक फेऱ्यांत हार-जीतसुद्धा नाही, क्रमवारी सरासरी गुणांवर. ‘फारच सोज्वळ, म्हणून कंटाळवाणा’ अशी त्याच्यावर टीका होते. मला ती पटत नाही. जरा हिशोब करू.

रचलेल्या प्रत्येक खोक्याला 2 गुण. राशीवर डबा ठेवला तर त्याच्या उंचीप्रमाणे दर थराला 4. डब्यात फोमची नळी खोचली की आणखी 6. सहा खोक्यांची रास म्हणजे 12 + 24 + 6 = 42. आता डबा काढा. नळीही गेली, हातात उरले 12! खोकी मुबलक होती. डबे मात्र प्रत्येक बाजूला 3, आणि उंचवट्यावर दोघांत मिळून 4.

बांधावरचं आंब्याचं झाड आणि दोन्हीकडचे भाऊ, आठवलं ना? तेच. अंतिम सामन्यात मधला एक डबा तुम्ही ओढलात तर तुमचे 30 वाढू शकतात, समोरच्यांचे 30 बुडू शकतात. फरक 60 चा. मग सुरुवातीच्या 15 स्वयंचलित सेकंदांतही पहिल्याच क्षणी डब्यांवर झेप घेणारे हात आले. अडीच मिनिटांच्या सामन्याचा कल सेकंदाच्या अंशात ठरू लागला.

हे सगळ्यांना लागू नव्हतं, हेही सांगायला हवं. ज्यांच्या तीन राशीसुद्धा पुऱ्या होत नव्हत्या, त्यांना घरचे तीन डबे पुरेसे होते. पण गंमत (की दुर्दैव?) अशी, की बाद फेरीसाठी आघाडी जमवताना अशाच संघाला तिसरा म्हणून घ्यायचं आणि त्याच्या रोबॉटवर आपले डबेओढे हात बसवायचे, ही चाल निघाली. त्याला ‘चीजकेक’ म्हणायचे. नियमात बसणारी, हिशोबाने अगदी बरोबर. मुलांनी सहा आठवडे खपून बनवलेला रोबॉट मात्र दुसऱ्याच्या हातांसाठी नुसता स्टँड.

त्या मुलांना मी दोष देणार नाही. दर थराला 4 हा आकडा त्यांनी ठरवला नव्हता.