लक्ष्यवेध आणि पुरावा

ता. २४ एप्रिल २०२५ रोजीं 'सुरत' या युद्धनौकेनें समुद्रपृष्ठालगत उडणाऱ्या लक्ष्याचा अचूक वेध घेतल्याचें भारतीय नौदलानें जाहीर केलें. ही नौका मुंबईच्या माझगांव गोदींत बांधली गेली व त्याच वर्षीं १५ जानेवारीस नौदलांत दाखल झाली. वार्ता अभिमानास्पद खरीच. परंतु इतिहासाचें साधन म्हणून ती तपासूं लागलें असतां तींत एक उणीव दिसते. लक्ष्य कोणत्या जातीचें व किती वेगाचें होतें, याचा तींत उल्लेख नाहीं.

ही उणीव क्षुल्लक नव्हे. पृथ्वीच्या गोलाईमुळें, २० मीटर उंचीवरील रडारास पाण्यावरून ५ मीटर उंचीनें येणारी वस्तु सुमारें २७ किलोमीटरांवर प्रथम दिसूं शकते. सेकंदास ३०० मीटर वेगाच्या लक्ष्यास हें अंतर तोडण्यास ९० सेकंद लागतात. ९०० मीटर वेगाच्या लक्ष्यास अवघे ३०. आपल्याकडील 'लक्ष्य' व 'अभ्यास' हीं सरावाचीं वैमानिकरहित विमानें ध्वनीहून मंद आहेत. 'ब्राह्मोस'सारखें अस्त्र ध्वनीच्या अडीचपटीहून वेगवान आहे. सबब, एका जातीवरील यश दुसरीस लागू करतां येत नाहीं.

ता. ४ डिसेंबर १९७१ च्या रात्रीं कराचीनजीक 'खैबर' या पाकिस्तानी विनाशिकेवरील खलाशांनीं भारतीय नौकेचें क्षेपणास्त्र विमान समजून त्यावर तोफा डागल्या; विनाशिका बुडाली. ता. १० फेब्रुवारी १९८३ रोजीं 'अँट्रिम' या अमेरिकन युद्धनौकेच्या तोफेनें सरावांत लक्ष्य फोडलें. पण त्याचे तुकडे पाण्यावरून उसळून नौकेवर आदळले व एक बिगर-लष्करी शिक्षक प्राणास मुकला. म्हणजे 'लक्ष्य फुटलें' व 'नौका वाचली' हीं दोन भिन्न विधानें होत.

युद्धविषयक गुप्ततेचें महत्त्व आम्ही जाणतों. वेग व उंची आजच प्रसिद्ध करावी, असें आमचें म्हणणें नाहीं. परंतु चाचण्यांचीं टिपणें जपून ठेवावीं व नियत मुदतीनंतर अभ्यासकांस खुलीं करावीं. हिंगोली जिल्ह्यांतील शिरड शहापूर येथील वाचकास समुद्र दिसत नाहीं. त्यास छापील शब्दाखेरीज दुसरा आधार नाहीं. उद्यांच्या इतिहासकाराची स्थिति याहून निराळी नसेल. तोंवर 'चाचणी झाली, वेध साधला' एवढेंच लिहावें; 'नौका अभेद्य झाली' असें लिहूं नये. त्या शब्दाची किंमत लेखकास नव्हे, खलाशांस द्यावी लागते.